गुलाब, जुलाब आणि ज्युलेप

ओहायो नदीच्या दक्षिण तीरावर केंटकी राज्यातले सर्वांत मोठे शहर वसलेले आहे. त्याचे नाव नकाशात वाचले तर आपण 'लुइसव्हिल' म्हणू. जरा माहीतगार मनुष्य 'लुईव्हिल' म्हणेल. पण तेथे जन्मलेला माणूस तोंडात विडा असताना बोलावे तसे काहीसे 'लुअव्हल' म्हणतो, आणि तुम्हीही तसेच म्हटलेत की तुम्हाला घरचे समजतो. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्सचा राजा सोळावा लुई मदतीला आला, म्हणून १७७८ साली पडलेल्या या वसाहतीला त्याचे नाव मिळाले. पुढे राजाचे डोके गेले, नाव मात्र राहिले. आणि तेही लोकांनी चघळून चघळून असे गुळगुळीत केले. भाषा शिकविण्याचा माझा धंदा. तेव्हा या एका गोष्टीवरूनच हे गाव मला आवडून गेले.

माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त बरीच वर्षे तेथे आहे. कॉलेजला उन्हाळ्याची सुटी लागल्यावर मेच्या अखेरीस मी त्याच्याकडे पोहोचले. "ताई, तीन आठवडे उशीर केलास," असे त्याने विमानतळावरच ऐकवले. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी येथे घोड्यांची प्रसिद्ध 'केंटकी डर्बी' असते. बायका छत्रीएवढ्या टोप्या घालून येतात, पुरुष रंगीत कोट चढवतात, आणि जिंकलेल्या घोड्याच्या पाठीवर गुलाबांची झूल घालतात. १८७५ पासून ही शर्यत एकाही वर्षी चुकलेली नाही. तो दिवस हुकला तरी मैदान कोठे पळून गेले नव्हते. १८९५ साली बांधलेले दोन टोकदार मनोरे, त्यांच्या खाली पांढरीशुभ्र प्रेक्षकगृहे आणि शेजारी डर्बीचे संग्रहालय, असे सगळे आम्ही एका दुपारी पाहिले.

त्या संग्रहालयाच्या दुकानात एक चांदीचा पेला मांडलेला होता. मी तो पाहिला आणि मला हसू आले. कारण ते आपले फुलपात्र होते! तळाशी अरुंद, वर किंचित रुंद, काठाला दोन रेघा. मुंजीत किंवा डोहाळजेवणात आहेर म्हणून येते, अगदी तेच. "याला येथे ज्युलेपचा पेला म्हणतात," भाऊ म्हणाला. पुदिना, साखर, बर्फ आणि व्हिस्की यांचे हे पेय १९३८ च्या सुमारापासून डर्बीचे अधिकृत पेय झालेले आहे. डर्बीच्या दोन दिवसांत असे सुमारे १,२०,००० पेले खपतात, असे मैदानाचे चालकच सांगतात. पुदिना लागतो एक हजार पौंड!

वाचकहो, दिवाळी अंकात आणि व्हिस्की, असे म्हणून पान उलटू नका. मला त्या पेल्याकडे प्रथम ओढले ते त्याच्या नावाने.

'ज्युलेप' हा शब्द मोठा भटक्या आहे. त्याचे मूळ घर इराण. फारसीत 'गुल' म्हणजे फूल, विशेषेकरून गुलाबाचे, आणि 'आब' म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे खरे तर गुलाबपाणी. अरबांच्या भाषेत 'ग' हा उच्चार नव्हता, त्यांनी त्याचे 'जुलाब' केले. अरब हकीम कडू औषधे गोड, सुगंधी पाकातून देत. त्या पाकाला हे नाव लागले. तेथून त्याच्या दोन वाटा झाल्या. एक वाट लॅटिन आणि फ्रेंचमधून इंग्रजीत गेली; तेथे पाचसहाशे वर्षांपूर्वीचे वैद्य औषधी पाकाला 'ज्युलेप' म्हणू लागले. दुसरी वाट यूनानी हकिमांबरोबर हिंदुस्थानात आली. हकिमाचा हा गोड पाक बहुधा पोट साफ करण्यासाठी दिला जाई. आणि मराठीत आल्यावर त्या बिचाऱ्या गुलाबपाण्याची जी अवस्था झाली, ती आपणा सर्वांना ठाऊक आहे. दिवाळीचा फराळ जास्त झाला की घरोघर तिचा उल्लेख होतो!

एकाच आईची दोन लेकरे. एक केंटकीत चांदीच्या पेल्यात जाऊन बसले, दुसऱ्याच्या नशिबी आपल्याकडे हे आले. मी भावाच्या घरी ही व्युत्पत्ती सांगितली तेव्हा माझी भावजय हातातला चहा सांडेपर्यंत हसली. "वन्सं, हे तेवढे येथल्या लोकांना सांगू नका हं," म्हणाली.

त्या निमित्ताने घरातले एक गुपितही उघडे झाले. मी येणार म्हणून भावाने स्वयंपाकघरातली एक बाटली डाळींच्या डब्यांमागे नेऊन ठेवली होती. आमच्या पुण्याच्या घरात दारूचे नावदेखील कुजबुजत घेत. मी दुसऱ्याच दिवशी तूरडाळ काढताना ती बाटली पाहिली आणि काही न बोलता पुढे आणून ठेवली. त्यावर आम्हा बहीणभावांत एक शब्दही झाला नाही. पण दोघांनाही बरे वाटले. वडीलधाऱ्यांपासून लपविण्याच्या वस्तूंनी आपली घरे किती भरलेली असतात!

ती बाटली बर्बन व्हिस्कीची होती. केंटकीत राहून बर्बनविषयी काहीच न जाणणे म्हणजे नाशिकला राहून द्राक्षे न ओळखण्यासारखे आहे. एका रविवारी आम्ही दक्षिणेकडे बार्डस्टाउनच्या रस्त्याने हिंडून आलो. हिरवीगार कुरणे, काळ्या रंगाची लाकडी कुंपणे, त्यांत चरणारी उमदी घोडी, आणि मध्येच टेकडीवर सात-सात मजली, बारीक खिडक्यांची उदास कोठारे. त्यांत व्हिस्कीची पिंपे वर्षानुवर्षे निजलेली असतात. कोठारांच्या आसपासच्या झाडांचे बुंधे काजळी फासल्यासारखे काळे दिसतात. पिंपांतून मद्याची जी वाफ सतत उडून जाते, तिच्यावर एक बुरशी पोसते. तिचा तो रंग. उडालेल्या या भागाला तेथे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. देवदूत व्हिस्की पितात आणि झाडांची तोंडे काळी होतात, असा हा न्याय!

बर्बनचे नियम कायद्याने बांधून दिलेले आहेत. धान्यात निदान ५१ टक्के मका हवा. पिंप ओकच्या लाकडाचे, कोरे आणि आतून जाळून कोळसलेले हवे. या जळलेल्या लाकडातूनच व्हिस्कीला तांबूस रंग आणि जळक्या साखरेचा वास येतो. एकदा वापरलेले पिंप बर्बनला पुन्हा चालत नाही; ते मग बहुधा स्कॉटलंडला जाते. पाण्याचेही महत्त्व आहे. येथला खडक चुनखडीचा. त्यातून झिरपलेल्या पाण्यात लोह नसते आणि लोह तर व्हिस्कीची चव बिघडवते. याच चुन्याच्या पाण्याने आणि गवताने येथल्या घोड्यांची हाडे बळकट होतात, असे लोक अभिमानाने सांगतात. घोडा आणि व्हिस्की ही एकाच खडकाची दोन लेकरे, असे त्यांचे म्हणणे.

पण हे सगळे बाहेरून पाहणे झाले. ज्युलेप मला खरा कळला तो एका स्वयंपाकघरात.

भावाच्या घराशेजारी एक विधवा बाई राहतात. वय पंचाहत्तरीच्या पुढचे, वर्णाने काळ्या, आयुष्यभर शाळेत शिक्षिका होत्या. माझा दहा वर्षांचा भाचा त्यांना 'आजी' म्हणतो, आणि हा शब्द त्यांनी इतका आपलासा केला आहे की फोनवरही त्या "आजी बोलते आहे" असेच म्हणतात. मी मराठी शिकवते हे कळल्यावर त्यांनी मला 'प्रोफेसर' करून टाकले. त्यांच्या मागील दारी, नळाच्या ओलाव्यावर, पुदिन्याचे रान माजलेले होते. आपल्याकडेही मोरीच्या पाण्यावर पुदिना असाच फोफावतो. पान चुरून वास घेतला तर थेट आपल्या भेळेच्या चटणीचा!

"जॉर्जियाचे पीच बाजारात आले आहेत," एके दिवशी त्यांचा निरोप आला. "संध्याकाळी या. तुमच्या जुलाबाची आमच्याकडे काय परिस्थिती आहे ती दाखवते." भावजयीने सांगू नका म्हटले होते खरे, पण तिनेच आधी जाऊन सांगितलेले होते!

त्यांच्या पाककृतीला शास्त्रशुद्ध ज्युलेप म्हणता येणार नाही. फळ आणि लिंबू पडले की त्या पेयाला 'स्मॅश' म्हणतात. जेरी टॉमस नावाच्या प्रसिद्ध मिश्रककाराने १८६२ साली अमेरिकेतले या विषयावरचे पहिले पुस्तक काढले. त्यात त्याने स्मॅशला ज्युलेपचेच छोटे रूप मानले आहे. गंमत म्हणजे त्याच्या पुदिन्याच्या मुख्य ज्युलेपमध्ये व्हिस्की नाही, फ्रान्सची ब्रँडी आहे, आणि वर सजावटीला फळे आहेत. व्हिस्कीने तेथे बैठक मारली ती नंतर.

आजींनी एक पिकलेला पीच घेतला. पीच म्हणजे आपल्या उत्तरेकडचा आडू. त्याची साल न काढता अर्ध्या फळाच्या फोडी करून जाड बुडाच्या भांड्यात टाकल्या. त्यावर अर्ध्या लिंबाचा रस आणि साखरेचा पाक एक मोठा चमचा. पाक म्हणजे गुलाबजामचा एकतारी नव्हे. समभाग साखर आणि पाणी, साखर विरघळेपर्यंत कोमट करून गार केलेले. मग लाकडी दांडक्याने फोडी चेचल्या. येथपर्यंत जोर चालतो.

"आता पुदिना," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातातला दांडका काढून घेतला. मी चटणी वाटायच्या तयारीने तो धरला होता! पुदिन्याचा सुगंध पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक तेलग्रंथींत असतो. पान नुसते दाबले की तो सुटतो. वाटले, फाडले की आतला कडू हिरवा रस उतरतो आणि पेयाचा काढा होतो. त्यांनी आठ-दहा पाने तळहातावर ठेवून एक टाळी दिली, फळावर टाकली आणि दांडक्याने दोन-चार वेळा नुसती चेपली. "झोपलेल्या मुलाला उठवायचे असते ना, तसे," त्या म्हणाल्या. "थापटायचे, मारायचे नाही." शाळेत पस्तीस वर्षे घालविलेल्या बाईच हे बोलू शकते.

त्यावर साठ मिलिलिटर, म्हणजे आपल्या चहाच्या लहान कपाचा अर्धा भाग, बर्बन. सगळे ढवळून, गाळून, पेल्यात. आणि मग बर्फ. ज्युलेपमध्ये बर्फ खडे म्हणून घालीत नाहीत. जाड कापडाच्या पिशवीत घालून लाकडी हातोडीने त्याचा भुगा करतात आणि पेल्यावर गोळेवाल्यासारखा डोंगर रचतात. हे काम भाच्याचे होते. त्याने ते इतक्या उत्साहाने केले की पलीकडच्या घरातले कुत्रे भुंकू लागले. कापड बर्फाचे पाणी शोषून घेते, भुगा कोरडा राहतो, आणि पेय एकदम पातळ होत नाही.

आजींकडे चांदीचे पेले नाहीत. त्यांनी काढली ती स्टीलची फुलपात्रे! माझ्या भावजयीने त्यांना एका दिवाळीला फराळाबरोबर दिलेली. त्यांच्या पातळ पत्र्यावर पाहता पाहता आधी दव आणि मग पांढरे हिम जमले. बर्फात साखर आणि मद्य मिसळले की त्याचे तापमान शून्याच्याही खाली जाते, म्हणून बाहेरचे दव गोठते. ते हिम बोटांनी पुसू नये म्हणून पेला काठाशी किंवा तळाशी धरायचा. वर पुदिन्याचा तुरा खोचायचा, आणि तो नाकाशी येईल असे प्यायचे. कारण या पेयात निम्मी चव नाकानेच घ्यायची असते. भाच्याच्या आणि भावजयीच्या पेल्यांत व्हिस्कीऐवजी आल्याचा रस घातलेला सोडा होता. तो प्रकार मी पुण्यात परतल्यावर चारदा केला आहे, आणि पीच नसल्यास पिकलेल्या पेरूनेही तो सुरेख होतो.

माझ्या पेल्याविषयी विचाराल तर मी चारच घोट घेतले. यावर विश्वास ठेवायचा की नाही हे वाचकांनी ठरवावे. कारण याच प्रश्नावर अमेरिकेत एकदा वृत्तपत्री वाद झालेला आहे. ती हकीकत आजींनीच सांगितली.

माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मिशिगनमधल्या एका वृत्तपत्राने दारुडा म्हटले, तेव्हा त्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला; तो १९१३ साली चालला. साक्षीत त्यांनी सांगितले की, सेंट लुई येथे एकदा ज्युलेपचे दोनचार घोट घेतले होते, एवढेच. खटला ते जिंकले. भरपाई सहा सेंट मिळाली! पण सेंट लुईच्या एका वृत्तपत्राने अग्रलेख लिहून शंका काढली की, आमच्या टॉमने केलेला ज्युलेप अर्धवट टाकून उठलेला माणूस कधी कोणी पाहिला आहे काय?

हा टॉम म्हणजे टॉम बुलक. १८७२ साली याच लुईव्हिलमध्ये जन्मला. वर्णाने काळा. येथल्या पेंडेनिस क्लबात आणि पुढे सेंट लुईच्या क्लबात तो पेये बनवीत असे. १९१७ साली त्याने आपल्या कृतींचे पुस्तक प्रसिद्ध केले. असे पुस्तक छापणारा तो पहिला काळा अमेरिकन. त्याला प्रस्तावना लिहिली जॉर्ज हर्बर्ट वॉकर यांनी. थोरल्या बुश राष्ट्राध्यक्षांचे हे आजोबा. पुस्तक निघाले आणि तीनच वर्षांत देशात दारूबंदी आली. १९२० ते १९३३ या काळात काही मोजक्या कंपन्यांना 'औषधी' व्हिस्की विकण्याचा परवाना होता, आणि डॉक्टरची चिठ्ठी दाखवून ती मिळत असे. म्हणजे अरब हकिमांचा तो जुलाब फिरून फिरून पुन्हा औषधाच्या बाटलीत गेला! आपल्या मुंबई राज्याच्या १९४९ च्या कायद्याखाली प्रकृतीच्या कारणासाठी परवाने काढणारी मंडळी ज्यांना आठवतात, त्यांना यात नवल वाटणार नाही.

"माझे आजोबा याच शहरात एका मोठ्या घरी पेले भरीत," आजी म्हणाल्या. "चाळीस वर्षे. त्यांच्या ज्युलेपची पाहुण्यांत वाहवा व्हायची. पाहुणे घरमालकाला म्हणायचे, 'कर्नल, तुमच्यासारखा ज्युलेप कोठे नाही.' आणि कर्नल म्हणायचा, 'आमच्या घराण्याची कृती आहे.' आजोबांना साठी उलटेपर्यंत 'बॉय' म्हणत. ज्या खोलीत ते पेले भरीत, त्या खोलीत बसून त्यांना एकही पिता आला नाही."

हे त्यांनी रागाने सांगितले नाही. पेल्याच्या काठावरचा पुदिना सारखा करीत सांगितले. पण माझा पाचवा घोट राहिला तो तेव्हापासून.

येथल्या 'कर्नल'चा सैन्याशी संबंध असतोच असे नाही. राज्याचा गव्हर्नर ही पदवी मानाने देतो. आपल्याकडील जुन्या काळच्या रावबहादुरांसारखी. कोंबडीच्या दुकानावरच्या पाटीवरचे कर्नल सँडर्स अशाच पदवीचे, आणि याच शहराच्या दफनभूमीत चिरनिद्रा घेत आहेत. पांढरा सूट, दाढी, हातात ज्युलेप, मागे खांबांचा वाडा, हे चित्र हजार जाहिरातींत आहे. बर्फ फोडणारा हात त्या चित्रात नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी तो हात शोधू लागले. ज्युलेपचे मूळ गाव केंटकी नव्हे, व्हर्जिनिया. १८०३ साली जॉन डेव्हिस या इंग्रज प्रवाशाने लिहून ठेवले आहे की, तेथले लोक पुदिना घातलेले मद्य सकाळी सकाळी घेतात. पुढे बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने तळ्यांतला बर्फ कापून जहाजांनी दूरदेशी धाडण्याचा व्यापार उभा केला. १८३३ साली त्याचा बर्फ कलकत्त्याला पोहोचला, नंतर मुंबईला. आणि आपल्या मुंबईतही या परदेशी बर्फासाठी बर्फघर बांधले गेले. तोच बर्फ अमेरिकेच्या दक्षिणेत गेला आणि ज्युलेपच्या पेल्यावर हिम चढले.

तो पेला सर्वांत कौशल्याने भरणारा माणूस रिचमंड शहरात होता. त्याचे नाव जॉन डॅबनी. तो गुलाम होता. मालकाने त्याला हॉटेलांत कामाला लावले होते आणि कमाईचा वाटा मालक घेई. १८६० साली इंग्लंडचा युवराज, पुढचा सातवा एडवर्ड, रिचमंडला आला तेव्हा त्याला डॅबनीच्या हातचा ज्युलेप देण्यात आला. बक्षिसीचे पैसे साठवून डॅबनीने प्रथम आपल्या बायकोचे स्वातंत्र्य विकत घेतले, कारण तिला दूर विकून टाकतील अशी भीती होती. मग तो स्वतःच्या किमतीचे हप्ते भरू लागला. ते फिटण्यापूर्वी यादवी युद्ध संपले आणि गुलामगिरीच नाहीशी झाली. कायद्याने तो आता कोणाचे काही देणे लागत नव्हता. तरी त्याने आपल्या पूर्वीच्या मालकिणीचे राहिलेले पैसे चुकते केले. शब्द दिला होता म्हणून! पुदिना, साखर आणि बर्फ यांतून एका माणसाने आपल्या घरादाराची सुटका केली. त्याचा मुलगा वेंडेल डॅबनी पुढे याच ओहायो नदीवर, लुईव्हिलपासून सुमारे शंभर मैलांवर, सिनसिनाटीत वृत्तपत्राचा संपादक झाला.

डर्बीची हकीकत वेगळी नाही. १८७५ च्या पहिल्या शर्यतीत १५ घोडे धावले. त्यांपैकी १३ घोड्यांवर काळे स्वार होते. जिंकला तो ऑलिव्हर लुइस हाही काळाच. पहिल्या २८ शर्यतींपैकी १५ काळ्या स्वारांनी जिंकल्या. आयझॅक मर्फी एकटा तीन वेळा. जिमी विंकफील्ड १९०१ आणि १९०२ असा लागोपाठ दोनदा. त्यानंतर त्यांना मैदानातून असे हुसकावले गेले की, विंकफील्डनंतर आजवर एकाही काळ्या स्वाराने डर्बी जिंकलेली नाही. तो स्वतः रशियात आणि फ्रान्सात जाऊन नाव कमावून राहिला. १९६१ साली, म्हातारपणी, सन्मानाच्या जेवणासाठी लुईव्हिलला आला, तेव्हा शहरातल्या एका मोठ्या हॉटेलाच्या पुढच्या दारावर त्याला प्रथम अडवण्यात आले.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी आणि भाऊ नदीवरच्या पुलावर फिरायला गेलो. हा रेल्वेचा जुना लोखंडी पूल. आता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी ठेवला आहे. या टोकाला केंटकी, त्या टोकाला इंडियाना. मुले सायकली पिटाळीत होती, एक आजोबा बाबागाडी ढकलीत होते. खाली ओहायो संथ, मातकट, आपल्या गोदावरीसारखी. चालत वीस-पंचवीस मिनिटांत आपण पलीकडे पोहोचतो. १८६५ पूर्वी हेच पात्र म्हणजे गुलामी आणि स्वातंत्र्य यांच्यामधली सीमा होती. पलीकडे गुलामगिरी नव्हती. अलीकडे लुईव्हिलच्या बाजारात माणसे विकली जात आणि बोटींत घालून नदीच्या खालच्या अंगाला, दक्षिणेच्या कापूसमळ्यांवर पाठविली जात. कोणाचा घात केला तर इंग्रजीत आजही 'नदीच्या खाली विकले' असे म्हणतात. हा वाक्प्रचार मी शब्दकोशात अनेकदा वाचला होता. त्याचे पाणी त्या संध्याकाळी पाहिले.

भाऊ कठड्याला टेकून म्हणाला, "ताई, इतकी वर्षे येथे राहतो, दर डर्बीला हे पितो. मला टॉम बुलकचे नाव माहीत नव्हते." त्याला मी काय बोलणार? आपल्याकडे तरी काय आहे? दिवाळीत पाहुणे येतात, चकलीचा तुकडा मोडतात आणि म्हणतात, "वा! काय खुसखुशीत झाली आहे!" आणि घरोघर उत्तर येते, "आमच्याकडची चकली अशीच असते." ज्या बाईंनी पहाटे येऊन भाजणी मळली, दोन दिवस कढईपुढे घाम गाळला, त्या आत भांडी आवरीत असतात. त्यांना 'स्वयंपाकाच्या बाई' एवढेच नाव. त्यांचे खरे नाव घरातल्या किती मुलांना ठाऊक असते? येथे कोणी कोणाला विकत नाही हे खरे, आणि हा फरक लहान नव्हे. पण हाताचे श्रेय घराण्याच्या खात्यावर जमा करण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे.

पुण्याला परतल्यावर मी वर्गात गुलाब-जुलाबाची व्युत्पत्ती सांगितली. मुले खूप हसली. मग मी त्यांना जॉन डॅबनीची गोष्ट सांगितली, तेव्हा वर्ग शांत झाला. एक मुलगी तास संपल्यावर म्हणाली, "बाई, शब्दांचा पत्ता लागतो; माणसांचा लागत नाही, नाही का?"

लागतो, पण विचारावा लागतो. असो. यंदाच्या दिवाळीत आपल्या घरी फराळाचे ताट कोणी वाखाणलेच, तर चकली करणाऱ्या बाईंना बाहेर बोलवावे, त्यांचे नाव पूर्ण घेऊन पाहुण्यांना सांगावे, आणि पहिले ताट त्यांच्याच हाती द्यावे. सोबत आले, लिंबू आणि पुदिना घातलेले गार पेय फुलपात्रातून दिले तर उत्तमच. पुदिना मात्र वाटू नका; नुसता थापटा.